मोठ्यानं वाचणारी बाई

माझ्या नवऱ्याचं नाव हिरालाल. बोलताना मी त्यांना 'अजी' म्हणते. इथं बेधडक नाव लिहिते आहे, कारण हे ते वाचणार नाहीत. चौथीत त्यांची शाळा सुटली ती सुटलीच. अक्षरं ओळखीची आहेत, सही झोकात करतात, दुकानाची पाटी दमादमानं वाचतात. पण पुस्तकातली ओळ शेवटाला पोचेपर्यंत तिची सुरुवात त्यांच्या हातून निसटलेली असते. माझं म्हणाल तर मी पुस्तकवेडी. अशा दोघांचा संसार कसा काय झाला, हे सांगायचं तर आधी मटणाचं सांगावं लागेल.

मी मटण-मासळी खात नाही. भंडाऱ्याकडे माहेरी आमची पाळलेली बकरी एकदा पाहुण्यांसाठी कापली, तेव्हापासून माझं सुटलं. त्यात तत्त्वज्ञान वगैरे काही नाही. लग्न होऊन रायपूरला गुढियारीत आले आणि पहिल्याच रविवारी सासूनं रस्स्याची वाटी पुढं केली. मी ती बाजूला सरकवली. सासू आपल्या मुलाकडे वळून म्हणाली, "काऊन रे पोट्ट्या, बामनीन आणली का?" आमच्या बौद्धांच्या घरात न खाणारी सून म्हणजे नाक वर करणारी सून, असा त्या काळी समज होता. मी म्हटलं, "मी बामनासाठी नाही सोडलं, बकरीसाठी सोडलं." आणि हे मी ज्या आवाजात म्हटलं, तो शेजाऱ्यांनीही ऐकला.

आवाज माझा पहिल्यापासून असा. मला ओठ मिटून वाचता येत नाही. येतं, पण त्याला मी वाचन म्हणत नाही. शब्द तोंडातून फिरला पाहिजे, जिभेला लागला पाहिजे. तर एका संध्याकाळी डाळ शिजेपर्यंत मी स्टोव्हजवळ कादंबरी घेऊन बसले होते आणि नेहमीसारखी खड्या आवाजात वाचत होते. हिरालाल रेल्वेच्या कारखान्यातून आले, हातपाय न धुता दारातच उभे राहिले. मला पत्ता नाही. प्रकरण संपवून मी पुस्तक मिटलं तेव्हा ते म्हणाले, "मंग? पुढं काय झालं?"

मी म्हटलं, "आधी मेथी निवडून द्या, मग सांगते."

त्यांनी निवडली. पुरुषासारखी निवडली, म्हणजे दांडेच जास्त ठेवले, पण निवडली. आणि मी वाचलं. काही दिवसांनी तेच आपणहून म्हणाले, "तू रोज असंच वाचत जा. मी या घरात तू शिजवशील थेच खाईन." हा आमचा करार. सासू होती तोवर तिची हंडी वेगळी शिजायची. ती गेल्यावर घरात मटण आलं नाही. बाहेर, लग्नकार्यात ते खाऊन यायचे आणि बडीशेप चघळत घरात शिरायचे. मीही शहाण्यासारखी वास आला नाही असं दाखवायची. बाहेरचा माणूस बाहेर, घरातला घरात.

मग सगळा जन्म असाच गेला. ते चौरंगावर बसून भाजी निवडणार, वाटाणे सोलणार, लसूण सोलणार आणि मी ओट्याशी उभी राहून एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात झारा. दरवर्षी दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं आणि पुस्तकांच्या स्टॉलवरून थैले भरून आणायचे. लोक गाडीत शेंगदाणे खायचे, आमचं वाचन गाडीतच सुरू. मुलगा यशदीप लहानपणी म्हणायचा, "आई, धीरे पढ़ो ना, सब देख रहे हैं." आमचा यशदीप मराठी समजतो सगळी, उत्तर मात्र हिंदीत देतो. रायपूरची हवाच तशी.

धीरे वाचणं परवडणारं नव्हतं, कारण तोवर हिरालालचे कान जायला लागले होते. आयुष्यभर लोखंडावर लोखंड आपटलेलं ऐकलं, कानांनी कधीतरी हात टेकायचेच. डावा पूर्ण गेला, उजवा थोडा उरला. जगात बाकी कुणाचं त्यांना धड ऐकू यायचं नाही. डॉक्टरचं नाही, बँकेतल्या पोरीचं नाही, मुलाचंसुद्धा नाही. माझं यायचं. यशदीपनं कानाचं मशीन आणून दिलं तर ते म्हणाले, "यात भांडे ऐकू येतात, माणूस नाही," आणि मशीन कपाटात गेलं. मला मनातून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? या माणसाचे कान म्हणजे माझा आवाज, याचा मला गर्व होता.

असाच गर्व वस्तीतल्या विहारातही मिरवायचा. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत आमचा वर्षावास असतो. तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचायचा, शेवटच्या दिवशी खीर वाटायची. या दिवसांत एरवी खाणारी माणसंसुद्धा मटण बंद ठेवतात. ग्रंथ वाचायला वर्षानुवर्षं मीच. विहार समितीचे धर्मपालभाऊ दरवर्षी माइक लावायला निघायचे आणि दरवर्षी कुणीतरी म्हणायचं, "मायाबाईले माइक कायले पाहिजे?" मग सगळे हसायचे. हिरालाल पहिल्या रांगेत उजवा कान पुढं करून बसायचे.

होळीनंतर माझ्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. गाठ साधी होती, साऱ्यांनी हुश्श केलं. मी शुद्धीवर आले तेव्हा हिरालाल पलंगाशी उभे होते. मला म्हणायचं होतं, "अजी, जेवले का?" तोंड हललं. हवा बाहेर आली, आवाज आला नाही. वाटलं, घसा कोरडा आहे. पाणी प्यायले, पुन्हा म्हटलं. पुन्हा नुसती हवा.

डॉक्टरीणबाई चांगली होती. म्हणाली, आवाजाची नस दुखावली आहे, कधीकधी होतं असं, काही महिन्यांत परत येऊ शकतो. मी त्या 'येऊ शकतो' मधलं 'येतो' तेवढं धरलं आणि घरी आले.

आता आमच्या घराची काय अवस्था झाली, ती नीट समजून घ्या. माझ्याकडून निघते ती कुजबुज, तीही फाटकी. जवळच्या माणसाला कान देऊन ऐकली तर कळते. हिरालालला मोठ्यानं बोललेलंही जेमतेम ऐकू येतं. कागदावर लिहून द्यावं, तर त्यांना वाचता येत नाही. मी 'दूध उतू जाईल, बघा' असं लिहून पुढं धरलं. ते चष्मा शोधू लागले, चष्मा सापडला, बोट ठेवून 'दू... ध...' झालं, तोवर दूध शेगडीखाली. दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. पहिल्या वेळी हसलो.

ऑपरेशनच्या आधी एक कादंबरी अर्धी राहिली होती. तीन भावांची गोष्ट, धाकट्याची बायको रागावून घर सोडून जाते, तिथं आम्ही थांबलो होतो. हिरालाल रोज विचारायचे, "थे आली का वापस?" मी पुढं वाचलं होतं. ती येते. मी हातवारे करून सांगायला लागले. दोन बोटांनी बाई चालत गेली असं दाखवलं, मग वर बोट करून सूर्य उगवला, बरेच दिवस गेले असं दाखवलं, मग बोटं परत फिरवली. हिरालाल एकटक बघत होते. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मेली? अरारा." मी नाही-नाही म्हणून मान जोरजोरानं हलवली, तर ते म्हणाले, "राहू दे, राहू दे, तुले त्रास होते." आणि दोन दिवस ते त्या बाईच्या दुःखात होते. धड जेवले नाहीत. मी तिला जिवंत करू शकले नाही. पुस्तकात ती घरी आली होती, अंगणात बसून वाल सोलत होती आणि माझ्या घरात तिचं सुतक पाळलं जात होतं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा न्हाणीत जाऊन रडले. रडण्यालाही आवाज नव्हता. तुम्हाला सांगते, बिनआवाजाचं रडणं हलकं करत नाही. आतल्या आत फिरत राहतं.

लोक म्हणायचे, तुम्हाला वाचायची एवढी हौस, आता निवांत मनातल्या मनात वाचा. वाचून बघितलं. डोळे पानावरून जायचे. मजेदार वाक्य आलं की मी सवयीनं मान वर करून ह्यांच्या तोंडाकडे बघायची, हसू आलं का म्हणून. ते आपले भाजीची काटवलं, म्हणजे कर्टुली, चिरत बसलेले, खाली मान घालून. त्यांना काय माहीत की आता हसायचं होतं. मग पुस्तक मिटायची. चाळीस वर्षं मी समजत होते की मला पुस्तकं आवडतात. आवडत होतं ते हे, की पुस्तक माझ्याकडून निघून त्यांच्यापर्यंत जातं. एकटीनं वाचणं म्हणजे एकटीसाठी स्वयंपाक करणं. पोट भरतं, पण कुकर लावावासा वाटत नाही.

आषाढ जवळ आला. माझी सगळी आशा आषाढ पौर्णिमेला टांगलेली. तोवर येईल आवाज. हळद-दूध, ज्येष्ठमध, वाफ, डॉक्टरीणबाईनं शिकवलेले 'आ' आणि 'ई', सगळं चालू होतं. सकाळी ओट्याशी उभी राहून मी 'आ' काढायची. शेजारची मांजर खिडकीत येऊन बसायची, तिलासुद्धा ऐकू जात नसावं.

पौर्णिमेच्या संध्याकाळी मी धुतलेलं पांढरं पातळ नेसून विहारात गेले. धर्मपालभाऊंना सगळं माहीत होतं. ते म्हणाले, "ताई, माइक लावून पाहू. माइक लय चांगला आहे, मुंगीचंही बोलणं पकडते." आणि त्यांनी या वेळी खरंच माइक माझ्या तोंडाशी धरला. वंदना झाली. मी ग्रंथ उघडला. पहिलं वाक्य मला पाठ होतं. मी जोर लावला. स्पीकरमधून जो आवाज आला, तो सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटल्यासारखा. पोरं हसली. त्यांच्या आयांनी त्यांना दटावलं, आणि ते दटावणं मला हसण्यापेक्षा जास्त लागलं. मी दुसरं वाक्यही वाचलं. का वाचलं कोण जाणे. मग धर्मपालभाऊंनी हळूच माइक काढून घेतला आणि म्हणाले, "ताई, आज आराम करा." दुसऱ्या दिवसापासून एक कॉलेजची मुलगी वाचायला लागली; स्पीकर घरापर्यंत ऐकू येतो. बरी वाचते. पूर्णविरामाला थांबत नाही, पण बरी वाचते.

हिरालाल पहिल्या रांगेत कान पुढं करून बसले होते. उठून येताना त्यांनी मला विचारलं, "तू वाचलं का? मले वाटलं अजून सुरूच नाही झालं." त्यांनी सहज विचारलं होतं. मी हो म्हणून मान हलवली. त्या दिवसानंतर ते विहारात गेले नाहीत. मीही नाही.

त्यानंतर यशदीप भिलाईहून आला. तिथं प्लांटमध्ये नोकरीला आहे. आईबापाची ही मुकी-बहिरी जोडी बघून त्याला वाईट वाटलं असणार. जुना मोबाइल आणि कानात घालायचे इअरफोन घेऊन आला होता. म्हणाला, "पापा, इसमें सब किताबें हैं. मराठी भी, हिंदी भी. दबाओ और सुनो." त्यानं आवाज पार वरपर्यंत नेला आणि इअरफोन त्यांच्या उजव्या कानात घातला. हिरालाल आधी दचकले. मग त्यांचा चेहरा उजळत गेला. मोठ्यानं म्हणाले, "बोलून राहिली बे! बाई बोलून राहिली!"

मी ओट्याशी होते, पाटवड्या थापत होते. हात थांबले. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला त्या फोनमधल्या बाईचा असा राग आला, जसा सवतीचाही येणार नाही.

त्या दिवसापासून हिरालाल खाटेवर आडवे आणि फोन छातीवर. मी भाजीची टोपली नेऊन समोर ठेवली, तर म्हणाले, "ठेव, करतो." टोपली तशीच राहिली. मी एकटीनं निवडली. मधूनच ते खदखदून हसायचे. कशाला हसले, मला कळायचं नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा या घरात एक हसू असं होतं ज्यात माझा हात नव्हता. एकदा जेवायला बोलवायला खांद्याला हात लावला, तर त्यांनी माझ्याकडे न बघता पंजा वर केला. थांब. रंगात आलं आहे. हाच पंजा मी त्यांना दाखवायची, मी वाचताना ते मधे बोलले की.

एका संध्याकाळी यशदीपचा फोन आला. बहिऱ्या माणसाचं फोनवरचं बोलणं म्हणजे सगळ्या गल्लीला निमंत्रण. हिरालाल ओरडून सांगत होते, "मस्त आहे रे तुझं हे! तुझी माय वाचे त्याच्याहून फास्ट! दोन दिवसात एक पुस्तक खतम!" मी आत कणीक मळत होते. मला उत्तर द्यायचं होतं. एरवी मी असं उत्तर दिलं असतं की यशदीपला फोनशिवाय भिलाईत ऐकू गेलं असतं. कणीक मळत राहिले. इतकी मळली की पोळ्या रबरासारख्या झाल्या. त्यांनी त्या निमूट खाल्ल्या, त्याचाही राग आला.

मनात एकच गोष्ट घोळायची. करार तर मोडलाच होता. माझ्या बाजूनं मोडला होता. मी वाचत नाही. मग हा माणूस माझ्या हातचं भाजी-वरण आता कशासाठी खातो आहे? सवयीनं? दयेनं? दया मला नको होती. आणि दया नसेल तर दुसरं काय उरलं, हे शोधायची हिंमतही नव्हती. आम्ही दोघं एका घरात दोन खोल्यांचे भाडेकरू असल्यासारखे राहत होतो.

मग तो रविवार आला. वर्षावास चालूच होता. हिरालाल सकाळी न सांगता बाहेर गेले. मला वाटलं जुन्या दोस्ताकडे, शालिग्रामकडे गेले असतील; दोघं कारखान्यात बरोबर होते. मी तांदूळ धुऊन ठेवले होते, चेचभाजी निवडून ठेवली होती. इकडची ही पावसाळी भाजी, शिजवली की थोडी चिकट होते, लसणाची फोडणी लागते. फोडणीसाठी लसूण ठेचत होते तेव्हा हिरालाल आत आले. त्यांच्या हातात काळी पॉलिथिनची थैली होती. त्यांनी ती नेऊन ओट्यावर ठेवली. बरोबर माझ्या धुतलेल्या तांदळाच्या शेजारी. थैलीच्या कोपऱ्यातून लालसर पाणी ओट्यावर उतरलं.

वास आला. मी हिरालालकडे बघितलं. त्यांच्या कानात इअरफोन नव्हता. ते माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.

"मटण आहे," ते म्हणाले. "बकऱ्याचं. आज हेच शिजव."

मला काय झालं ते सांगता येत नाही. डोळ्यापुढं अंधारी आली म्हणतात, तसलं काही नाही. उलट सगळं स्वच्छ दिसत होतं. या घरात, वर्षावासात, माझ्या ओट्यावर, ह्या माणसानं. म्हणजे संपलं. माझी बोलती बंद झाली तर ह्यांनी हिशोब मिटवून टाकला. मी ठेचणी खाली टाकली. दोन्ही हातांच्या मुठी झाल्या आणि माझ्यात जेवढं काही होतं, सासूला ऐकवलेलं, माहेरी बकरीसाठी ओरडलेलं, चाळीस वर्षं या स्वयंपाकघरात वाचलेलं, ते सगळं गोळा करून मी तोंड उघडलं आणि ओरडले.

गळ्याच्या शिरा ताणल्या. टाक्यांच्या जागी कळ गेली. डोळ्यांतून पाणी आलं. आवाज आला नाही.

मी पुन्हा ओरडले. हवा. नुसती हवा, आणि खोकला.

हिरालाल पुढं आले. त्यांनी मान वळवली, उजवा कान माझ्या तोंडाशी आणला, अगदी जवळ, आणि म्हणाले, "ओरड. अजून ओरड. घाल शिव्या मले."

मला काही समजेना. मी त्यांना ढकललं. ते हलले नाहीत.

"शालिग्रामच्या भावाचा आवाज गेलता," ते म्हणाले. "साल भर मुका होता. एक दिवस घरात आग लागली, तवा असा ओरडला का आवाज वापस आला. शालिग्राम म्हणे, बसलेला आवाज रागानं उठते. मी लय विचार केला, माया. तुले काय सहन होत नाही, याचाच विचार करून राहिलो होतो. घराले आग तर लावता येत नाही. हे आणलं."

ते कान तसाच धरून बोलत होते, भिंतीशी बोलल्यासारखे.

"थ्या फोनातली बाई वाचते, पण मले काही समजत नाही. कुकरची शिट्टी झाली तरी थांबत नाही. मी हसलो तरी थांबत नाही. मी हसून पाहिलं खोटं खोटं, तू आतून येशील म्हणून, का हसले विचारशील म्हणून. तू येतच नव्हती. यशदीपले म्हणलं मस्त आहे. तुले ऐकू जाईल, राग येईल म्हणून लय जोरानं म्हणलं. तुले राग नाही का आला?"

आला होता. इतका आला होता की पोळ्यांचं रबर झालं होतं. मी मान हलवली. मग ते म्हणाले, "मंग ओरड ना. हे पाह्य, मटण आहे तुझ्या ओट्यावर. ओरड."

मी ओरडले. या वेळी रागानं नाही. मला त्यांना द्यायचं होतं. एकच शब्द, एकच अक्षर, कसलंही. त्यांचा कान माझ्या ओठांना लागत होता, त्यातले पांढरे केस मला दिसत होते. मी 'अजी' म्हटलं. पुन्हा म्हटलं. जेवढा श्वास होता तेवढा त्यात घातला. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, जसे पुस्तकात रंगल्यावर मिटायचे. वाट बघत होते.

बराच वेळ ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी कान बाजूला घेतला. डोळे उघडले आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. ते हलत होतं, हे त्यांना दिसत होतं.

"काहीच येऊन नाही राहिलं," ते म्हणाले. "गरम हवा येऊन राहिली नुसती."

आणि त्या क्षणी आम्हा दोघांनाही कळलं. डॉक्टरीणबाईला पुन्हा दाखवायची तारीख अजून बाकी होती, पण आता तिथं जाऊन विचारण्यासारखं काही राहिलं नव्हतं. यापेक्षा मोठा राग मला येणार नव्हता, आणि यापेक्षा मोठी माया माझ्याकडे नव्हती. दोन्ही घालून झाली होती.

हिरालाल चौरंगावर बसले. त्यांची आई गेली तेव्हा ते रडले नव्हते. कारखान्यात बोट तुटलं तेव्हा नाही. आता ते रडायला लागले. त्यांना स्वतःचं रडणं ऐकू येत नव्हतं, त्यामुळे किती मोठ्यानं रडावं याचा त्यांना अंदाज नव्हता. तोंड उघडून, लहान पोरासारखे, मालगाडीच्या भोंग्यासारखे ते रडत होते. गल्लीतली दारं उघडली. कुणीतरी कुंपणापाशी येऊन विचारलं, "क्या हुआ दीदी? कौन गया?" माणसं जमू लागली. खिडकीत चेहरे आले.

मी त्यांच्याजवळ खाली बसले. मला त्यांना एवढंच म्हणायचं होतं, अजी, हळू.